गुळव्याला कसं कळतं?

बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावरचं उचगाव बाहेरच्या लोकांना दोन गोष्टींमुळे माहीत असतं. एक मळेकरणी देवी आणि दुसरं दरवर्षी भरणारं मराठी साहित्य संमेलन. कडोली, येळ्ळूर, कुद्रेमनी या गावांतही अशी संमेलनं होतात. मांडव उतरला, पाहुणे गेले की पुढचं वर्षभर काय करायचं, हा प्रश्न मात्र सगळीकडे सारखाच. त्यावरचा स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणजे आठ-दहा जणांनी एक पुस्तक ठरवायचं, वाचायचं आणि मग त्यावर बोलायला बसायचं.

अशाच एका बैठकीत माल्कम ग्लॅडवेल यांचं ‘ब्लिंक’ निघालं. २००५ साली आलेलं, डोळ्याचं पातं लवायच्या आत माणूस जे ठरवून टाकतो त्याबद्दलचं. दोघातिघांनी इंग्रजीतून वाचलेलं, बाकीचे ऐकायला बसलेले. अमेरिकेतली उदाहरणं बराच वेळ चालली. मग एका शेतकरी काकांचा संयम संपला. “ते सगळं असू दे गा. आमच्या गुळव्याला कसं कळतंय, तेवढं सांग.”

प्रश्न इतका नेमका होता की पुस्तकापेक्षा तोच धरून पुढे गेलेलं बरं.

ज्यांनी गुऱ्हाळ जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घाण्यातून निघालेला रस काहिलीत येतो. खाली चिपाडाचा जाळ. रस तापू लागला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस त्यात घालतात, त्याने मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. इथवरचं काम कुणालाही शिकवता येतं. पुढे नुसतं आटवणं. पाणी उडत जातं, रंग बदलतो, फेस जड होतो, बुडबुडे फुटण्याचा आवाज बदलतो. १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास काकवी झालेली असते. ढेपेचा गूळ हवा असेल तर ११६ ते ११८ अंशांपर्यंत जावं लागतं, आणि तिथे पोचल्यावर सवड मिळते ती फार थोडी. काहील लवकर उतरवली तर गूळ चिकट राहतो, ढेप नीट बसत नाही, पावसाळ्यात पाझरते. उशीर झाला तर रंग काळपट आणि चव करपट. बाजारात दोन्हीचा भाव पडतो.

हा क्षण गुळव्या ठरवतो. गार पाण्यात पाकाचा थेंब सोडून बोटांनी त्याची गोळी होते का पाहायची, ही रूढ परीक्षा आहे आणि तो ती करतोही. पण मुरलेल्या गुळव्याकडे नीट पाहा. पाण्यात हात घालण्याआधीच त्याचं ठरलेलं असतं, गोळी तो खात्रीसाठी करतो. “उतरा” म्हटलं की चार माणसं धावतात आणि काहील वाफ्यात रिकामी होते. कशावरून ठरवलंत असं विचारलं तर उत्तर येतं, “पाक आला की दिसतंय की.” तो काही लपवत नसतो. त्याला खरंच तेवढंच माहीत असतं.

थर्मामीटर लावता येतो आणि काही ठिकाणी लावतातही. पण उसाची जात, तोडीचं वय, जमीन खारवट आहे की निचऱ्याची, जळण ओलं आहे की वाळलेलं, यावर रोजचा रस वेगळा वागतो. गुळव्या हे सगळं एकदम हिशेबात घेतो, आणि आपण हिशेब करतोय याची त्याला कल्पना नसते.

मग डोक्यात होतं तरी काय? याचा सर्वांत स्वच्छ पुरावा बुद्धिबळाच्या पटावर मिळाला. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोन संशोधकांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावाच्या मध्यावरचा पट खेळाडूला फक्त पाच सेकंद दाखवायचा, झाकायचा आणि मोहरी आठवून मांडायला सांगायची. पटावर पंचवीसेक मोहरी. निष्णात खेळाडूने पहिल्याच झटक्यात सोळाच्या आसपास बरोबर मांडली, नवख्याने चारेक. म्हणजे निष्णाताची स्मरणशक्ती दांडगी? नाही. तीच मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली तेव्हा त्याचीही गत नवख्यासारखीच झाली. त्याच्या डोक्यात सुटी मोहरी नव्हतीच, वर्षानुवर्षं पाहिलेल्या मांडण्या होत्या. पटावर त्यातली एखादी दिसली की तो ती ओळखायचा. बाजारात पाठमोरा चाललेला शेजारी आपण चालीवरून ओळखतो तसंच. तिथे आपण उंची, खांदे, पायाचा कोन असं काही मोजत बसत नाही.

सायमन यांचं म्हणणं थोडक्यात असं की अंतर्ज्ञान म्हणून जे काही मिरवलं जातं ते ओळखण्यापलीकडे काही नाही. प्रसंग एखादी खूण देतो, खूण जुनी आठवण वर काढते आणि आठवणीबरोबर उत्तर येतं. मधल्या पायऱ्या मनाच्या उजेडात होत नाहीत, म्हणून उत्तर आकाशातून पडल्यासारखं वाटतं. गुळव्याच्या बाबतीत फेस, रंग आणि आवाज या खुणा. उत्तर एकच: उतरा.

क्रिकेटमध्ये हे मोजूनही झालं आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात विचार करायला गावस्करांनाही वेळ नव्हता आणि तेंडुलकरांनाही. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. फलंदाज चेंडूवर सतत नजर ठेवतच नाही. चेंडू सुटताना पाहतो आणि लगेच नजर पुढे टाकतो, जिथे टप्पा पडणार असा त्याचा अंदाज असतो तिथे. जितका फलंदाज तयार तितकी ही उडी लवकर. प्रशिक्षक पिढ्यान्‌पिढ्या ‘चेंडूवरून नजर हटू देऊ नको’ असं बजावत आले, आणि चांगले फलंदाज पिढ्यान्‌पिढ्या ती हटवत आले!

या ओळखीला आणखी एक बाजू आहे. पुष्कळदा मन ‘हे अमुक आहे’ असं सांगत नाही, ‘हे नेहमीसारखं नाही’ एवढंच सांगतं. गॅरी क्लाइन हे मानसशास्त्रज्ञ १९८०च्या दशकात अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास करत होते. त्यांनी सांगितलेली एक हकिगत ‘ब्लिंक’मध्येही आली आहे. एका घराच्या स्वयंपाकघरात आग लागली होती. जवानांनी पाणी मारलं, आग दबली नाही. अधिकाऱ्याला खोली अपेक्षेपेक्षा जास्त तापलेली वाटली आणि आगीचा आवाज अपेक्षेपेक्षा कमी. काय चुकतंय ते त्याला सांगता येईना, पण त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. पाठोपाठ खालची जमीनच ढासळली. आग तळघरात होती आणि ते तिच्या डोक्यावर उभे होते. अधिकाऱ्याला पुढे बराच काळ वाटत राहिलं की आपल्याला काही दैवी शक्ती आहे. क्लाइन यांनी खोदून विचारल्यावर एकेक खूण बाहेर आली.

क्लाइन यांना आणखी एक गोष्ट दिसली आणि मला ती जास्त कामाची वाटते. पाच पर्याय मांडून त्यांची तुलना करावी, असं व्यवस्थापनाची पुस्तकं सांगतात. हे अधिकारी तसं करत नव्हते. पहिला जो मार्ग सुचेल तो मनातल्या मनात चालवून बघायचे. अडला तर थोडा बदलायचे, पारच फसला तर दुसरा घ्यायचे. म्हणजे क्षणात घेतलेल्या निर्णयातही तपासणी असते, फक्त ती कागदावर उतरत नाही. गुळव्याची पाण्यातली गोळी हीच तपासणी आहे.

इथवर ऐकल्यावर कुणालाही वाटेल की मनाचा पहिला कौल मानावा आणि मोकळं व्हावं. बैठकीतही दोघांचं तेच मत पडलं. तेव्हा हे कोडं घाला. एक पुस्तक आणि त्यातली खूणपट्टी मिळून ११० रुपये. पुस्तक खूणपट्टीपेक्षा १०० रुपयांनी महाग. खूणपट्टी केवढ्याला?

१० रुपये हे उत्तर तुमच्याही मनात आलं असेल. ते चूक आहे. खूणपट्टी १० ची तर पुस्तक ११० चं, बेरीज १२०. बरोबर उत्तर ५ रुपये. मूळ कोडं शेन फ्रेडरिक यांचं, त्यात बॅट आणि चेंडू आहेत. अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांतल्या निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी ते चुकवलं. गणित तिसरी-चौथीचं आहे. अडचण अशी की १० हा आकडा आपणहून पुढे येतो, आणि तो बरोबर उत्तराइतक्याच थाटात येतो. १९७०च्या दशकापासून हाच अभ्यास करणारे आणि २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे डॅनिएल काहनेमन यांनी २०११ सालच्या आपल्या पुस्तकात मनाच्या दोन चाली सांगितल्या. एक वेगवान, दुसरी सावकाश. वेगवान मन सदैव चालू असतं आणि उत्तर नसलं तरी उत्तर देतं. सावकाश मन आळशी, समोर आलेल्या कागदावर सही करून मोकळं होणारं.

गुळव्याचं ‘उतरा’ आणि आपलं ‘१० रुपये’, दोन्ही आतून सारखीच वाटतात. खात्री तितकीच, वेगही तितकाच. विषयाची खरी गाठ इथे आहे, आणि ‘ब्लिंक’ ती सोडवायला जरा उशीर लावतं.

पुस्तकाची सुरुवातच बघा. कॅलिफोर्नियातल्या गेटी संग्रहालयाने १९८५ साली प्राचीन ग्रीक पद्धतीचा एका उभ्या तरुणाचा संगमरवरी पुतळा विकत घेतला. त्याआधी वर्षाहून अधिक काळ तपासणी चालली होती. भूवैज्ञानिकाने दगडाचा वरचा थर तपासून तो फार जुना असल्याचा निर्वाळा दिला. पण काही कलातज्ज्ञांना पुतळा पाहताक्षणी खटकला. त्यांपैकी थॉमस होव्हिंग यांच्या मनात पहिला शब्द आला तो ‘ताजा’. अडीच हजार वर्षं मातीत पुरलेल्या मूर्तीबद्दल सुचावा असा हा शब्द नव्हे. पुढे पुतळ्याच्या कागदपत्रांतलं १९५२ सालचं एक पत्र बनावट निघालं, कारण त्यावरचा टपाल-क्रमांक वीस वर्षांनंतर सुरू झालेला होता. ग्लॅडवेल ही गोष्ट फार झकास सांगतात आणि वाचकाच्या मनावर ठसतं ते असं: चौदा महिन्यांच्या तपासणीपेक्षा दोन सेकंदांची नजर मोठी.

पण पुतळा खराच आहे असं पाहताक्षणी वाटलेली माणसंही संग्रहालयात होती, आणि तीही तज्ज्ञच होती. त्यांच्या नजरेचा धडा कुणी लिहीत नाही. शिवाय निकाल बराच काळ पूर्ण लागलेलाच नव्हता. संग्रहालयाने पुतळ्याखाली वर्षानुवर्षं जी पाटी लावली होती तिचा आशय असा: इ. स. पूर्व सुमारे ५३०, अथवा आधुनिक काळातली नक्कल. न्याय म्हणून बघायचं तर ग्लॅडवेल यांनी दुसरी बाजूही पुस्तकात घेतली आहे. शेवटाकडे १९९९ सालचा न्यूयॉर्कमधला अमादू डियालो यांचा मृत्यू येतो. चार पोलिसांनी त्यांच्यावर ४१ गोळ्या झाडल्या. हातातलं पाकीट त्यांना क्षणभर पिस्तूल वाटलं होतं. तोही पातं लवायच्या आतलाच निर्णय. पण बहुतेक वाचक पुतळा लक्षात ठेवतात आणि डियालो विसरतात.

मग कुणाच्या पहिल्या कौलावर भिस्त ठेवायची? याचं नीट उत्तर २००९ साली आलं, आणि ते दोन विरोधकांनी मिळून दिलं. क्लाइन हे अनुभवी माणसाच्या अंदाजाचे वकील, काहनेमन त्याचे फिर्यादी. दोघांनी काही वर्षं एकत्र बसून एक निबंध लिहिला आणि त्यातून निघालं की त्यांचं भांडण वाटत होतं तेवढं नाहीच. अंदाज भरवशाचा व्हायला दोन गोष्टी हव्यात. ज्या कामाबद्दल अंदाज आहे त्या कामात पुन्हापुन्हा येणारा नियम हवा. आणि तो नियम अंगात मुरेपर्यंत सराव हवा, तोही असा की चूक झाली तर लगेच आणि स्वच्छ कळावं. माणसाला स्वतःला किती खात्री वाटते याला या हिशेबात जागाच नाही.

गुळव्याला हे लावून बघा. साखरेचा पाक उकळण्याचे नियम बदलत नाहीत. एका दिवसात अनेक आदणं, म्हणजे काहिली, निघतात, हंगाम महिनोन्‌महिने चालतो आणि प्रत्येक आदणाचा निकाल ढेप थंड होताच समोर येतो. निकाल भीडही ठेवत नाही. ढेप बसली नाही तर मालक बोलतो, रंग उतरला तर व्यापारी बोलतो. अशी पंधरा-वीस वर्षं काढलेल्या माणसाची नजर पक्की होणारच.

आता दुसरा माणूस घ्या. हा प्रत्येक घरात असतो. “मी माणूस बघितला की ओळखतो” असं म्हणणारे मामा. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाला यांना अगत्याने नेतात. पोह्यांची बशी हातात घेऊन मुलीला दोन प्रश्न विचारायचे, तिच्या वडिलांना एक, आणि रस्त्यावर आल्यावर निकाल द्यायचा. मामांचा अनुभव मोठा, दहा-पंधरा स्थळं त्यांनी पाहिलेली. पण या अनुभवातून ते शिकले काय? ज्या मुलींना त्यांनी नाही म्हटलं त्यांचे संसार कसे झाले, हे त्यांना कधीच कळलं नाही. जिला हो म्हटलं तिचा संसार चांगला झाला तर ‘माझी नजर’, नाही झाला तर ‘नशीब’. निकाल यायला दहा वर्षं लागतात, तोवर शंभर इतर कारणं त्यात मिसळलेली असतात. मामांनी आयुष्यभर पाक उतरवला, पण ढेप एकदाही उघडून पाहिली नाही. नोकरीच्या मुलाखती घेणारे, संस्थेत शिक्षक निवडणारे, पहिल्या दिवशी वर्गावर नजर टाकून हुशार मुलं ओळखणारे, सगळे याच पंगतीतले.

एकाच माणसाच्या डोक्यात दोन्ही जातींचे अंदाज शेजारीशेजारी नांदतात, ही खरी पंचाईत. आमच्या भागातला जाणता शेतकरी मूठभर माती दाबून वापसा आला की नाही ते सांगतो, आणि ते शंभरातल्या नव्वद वेळा तरी बरोबर निघावं. तोच शेतकरी त्याच आवाजात सांगतो की यंदा बटाट्याला भाव येणार, किंवा रताळी लावा, महाशिवरात्रीला उचल आहे. माती दरवर्षी तशीच वागते. बाजार तसा वागत नाही. बाजार म्हणजे हजारो माणसांचे अंदाज, आणि तेही एकमेकांकडे बघून बदलणारे. वापशाच्या बाबतीत कमावलेला अधिकार माणूस नकळत बटाट्याच्या भावाला नेऊन लावतो, आणि ऐकणारेही तो मान्य करतात.

डॉक्टरांचं काम या दोहोंच्या मधलं. इथे उदाहरण आपल्या माणसाचं आहे. अतुल गावंडे हे बोस्टनचे शल्यविशारद, जन्म अमेरिकेतला, पण वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळचं उटी. ‘कॉम्प्लिकेशन्स’ या २००२ सालच्या पुस्तकात त्यांनी लाल झालेल्या पायाची एक कथा सांगितली आहे. तेवीस वर्षांची मुलगी पायाला लाली आणि सूज घेऊन रुग्णालयात आली. त्वचेखालचा साधा जंतुसंसर्ग, प्रतिजैविकं द्या, असं सगळी लक्षणं सांगत होती. गावंडे तेव्हा शिकाऊ शल्यविशारद होते. त्यांच्या मनात मात्र एका दुर्मीळ आणि भयंकर संसर्गाची शंका आली, ज्यात मांस झपाट्याने सडतं आणि वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही तर माणूस जातो. तुकडा काढून तपासला. शंका खरी निघाली. अनेक शस्त्रक्रिया झाल्या आणि मुलगी वाचली, पायही वाचला.

दुसऱ्या कुणी ही कथा इथेच थांबवून टाळ्या घेतल्या असत्या. गावंडे थांबत नाहीत. ते कबूल करतात की काहीच आठवड्यांपूर्वी याच आजाराचा एक रुग्ण त्यांनी पाहिला होता आणि तो दगावला होता. ती आठवण ताजी होती, म्हणून शंका आली. पायात तसं वेगळं काही दिसलं नव्हतं. शक्यतेचा हिशेब मांडला असता तर तुकडा काढणं कदाचित अनाठायी ठरलं असतं. मग हा अनुभवी नजरेचा विजय की ताज्या आठवणीने मारलेला नेम? माझ्या मते आठवणीचा नेम. पुढच्या शंभर लाल पायांवर त्यांनी तसाच चाकू चालवला असता तर बहुतेक वेळा ते चुकले असते. ती मुलगी वाचली याचा आनंद आहेच, पण एका बरोबर निघालेल्या शंकेवरून पुढच्यांना धडा देता येत नाही.

याच गावंडेंनी पुढे काय केलं ते बोलकं आहे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी शस्त्रक्रियेची १९ कलमांची एक साधी यादी तयार करण्याच्या कामाचं नेतृत्व केलं. रुग्ण तोच आहे ना, अवयव तोच ना, प्रतिजैविक दिलं का, शस्त्रक्रियागृहातल्या सगळ्यांनी एकमेकांना नावं सांगितली का, असे शाळकरी वाटणारे प्रश्न. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाले: शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते. नजर कितीही तयार असली तरी ती कंटाळते, दमते, गडबडीत विसरते. यादी दमत नाही.

तयार नजरेची आणखी एक गोष्ट, निपाणीच्या तंबाखू बाजारातली, थोडी वेगळ्या अंगाने सांगायला हवी. बिडीच्या तंबाखूची पारख ही डोळा, बोटं आणि नाकाची विद्या आहे. पान चोळून, वास घेऊन जाणकार प्रत सांगतो. त्याची ओळख खरी, सराव दांडगा. पण प्रत ठरवणाराच जेव्हा खरेदीदार असतो, तेव्हा त्याने डोळ्याने काय ओळखलं आणि तोंडाने काय सांगितलं, या दोहोंत त्याचा फायदा येऊन बसतो. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी महामार्ग अडवून धरला, पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. नजर तयार आहे का, एवढं विचारून त्यामुळे भागत नाही. त्या नजरेचा पगार कोण देतं, तेही विचारावं लागतं. ग्लॅडवेल यांच्या पुस्तकात हा मुद्दा मला सापडला नाही.

राहिला प्रश्न मामांचा. जिथे निकाल उशिरा येतो किंवा येतच नाही, तिथे काय करायचं? एक जुना उपाय कोकणात आणि चंदगडच्या बाजूला आजही चालतो. देवाला कौल लावायचा. मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडून पडली तर हो, डावीकडून पडली तर नाही. हसू नका. कौलात निदान मामांसारखा ‘मला कळतं’ हा दावा नसतो.

पण त्याहून बरा उपाय आहे, आणि तो काहनेमन यांनी वयाच्या विशीतच करून पाहिला. १९५५च्या सुमारास ते इस्रायली सैन्यात होते. नव्या जवानांपैकी कोण कुठल्या तुकडीत चांगलं काम करेल हे मुलाखतकार गप्पा मारून, एकंदर छाप बघून ठरवायचे, आणि ते फारसं बरोबर येत नव्हतं. काहनेमन यांनी सहा गुण ठरवून दिले. जबाबदारीची जाणीव, लोकांत मिसळणं वगैरे. प्रत्येक गुणाबद्दल ठरलेले, माहितीपुरते प्रश्न विचारायचे, त्याचे गुण लगेच मांडायचे आणि मगच पुढच्याकडे वळायचं. मुलाखतकार चिडले, आम्हाला यंत्रं करून टाकलंत म्हणाले. तेव्हा काहनेमन यांनी त्यांच्या समाधानासाठी शेवटी एक सवलत ठेवली: सहाही गुण मांडून झाले की डोळे मिटा आणि हा जवान कसा निघेल ते मनाला येईल तसं सांगा. पुढे ताडून पाहिलं तेव्हा सहा गुणांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा सरस ठरली. आणि डोळे मिटून दिलेला अंदाजही तितकाच सरस निघाला.

म्हणजे मनाचा कौल टाकाऊ नाही, त्याची वेळ चुकते. सुरुवातीला घेतला तर पुढची सगळी माहिती त्याच्या मागे फरपटत जाते. शेवटी घेतला तर त्याला खायला काहीतरी मिळालेलं असतं. सोसायटीत सेक्रेटरी नेमताना, शाळेत शिक्षक घेताना, घरात स्थळ पाहताना हे करायला पैसे लागत नाहीत. लागतो तो एक कागद, आणि मामांना थोडा वेळ गप्प बसवण्याचं धैर्य.

तुमच्या गावात असा वाचनकट्टा असेल आणि हा विषय घ्यायचा असेल तर एक पथ्य पाळा. बोलायला सुरुवात करण्याआधी प्रत्येकाने आपलं मत दोन ओळींत लिहून समोर ठेवावं. आमच्याकडे मानाने आधी बोलतो तो वयाने मोठा किंवा हुद्द्याने मोठा, आणि त्यानंतरची चार मतं ही त्याच्याच मताची पिल्लं असतात. लिहून ठेवलं की सुनेचं मत सासऱ्यांच्या मताआधी कागदावर आलेलं असतं आणि ते मागे घेता येत नाही.

पुस्तकांपैकी एकच वाचायला वेळ असेल तर काहनेमन यांचं ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ घ्या. तेही जड वाटलं तर त्यातलं बाविसावं प्रकरण तरी वाचा, क्लाइन यांच्याशी झालेल्या वादाचं. चर्चेला मात्र ‘ब्लिंक’च ठेवा. ते जास्त चुकतं, आणि म्हणून त्यावर दोन तास भांडता येतं.